टर्कीची पावलं

१

हार्लो गावच्या लुथरन चर्चच्या तळघरात त्या शनिवारी कॉफी तयार होती, इस्त्र्या तापल्या होत्या, लांबच लांब टेबल पुसून ठेवलं होतं. व्हेल्डा श्रोअरने बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा उघडला आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

डब्यात कापडाचे लाल चौकोन होते. त्यांच्याखाली असायला हवे होते ते तपकिरी कोपरे नव्हते. सगळ्या जणींनी मिळून उन्हाळाभर शिवलेले ऐंशी कोपरे, त्यातला एकही नाही.

गोधडी मंडळातल्या बायकांना ह्याचा अर्थ सांगायची गरज नव्हती. मंडळाची दरवर्षी एक कोड्याची गोधडी असे. नक्षी व्हेल्डाच्या मनात. ती दर महिन्याला प्रत्येकीला फक्त एवढंच सांगे, की अमुक रंगाच्या पट्ट्या काप, तमुक त्रिकोण एकमेकांना जोड. शेवटी त्यातून काय निघणार ते कुणालाच ठाऊक नसायचं. मग शरदातल्या एका शनिवारी सगळे तुकडे टेबलावर मांडायचे, जोडायचे, आणि नक्षी उलगडली की सगळ्या जणींनी आपण किती मूर्ख होतो म्हणून हसायचं. यंदाची गोधडी कोरीन हॅव्हलिकच्या मुलाच्या, क्लेटनच्या लग्नात द्यायची होती. लग्न तोंडावर आलं होतं.

"मी इस्त्री करायला म्हणून कोपरे घरी नेले होते," व्हेल्डा म्हणाली. "आणि परत आणून ठेवले." मग तिचा आवाज खाली आला. "ठेवले ना गं मी?"

व्हेल्डाने चौऱ्याऐंशी पार केली होती. गेल्या काही महिन्यांत तिने कोलाचीत, म्हणजे फळं भरलेल्या गोड पावात, दोनदा साखरेऐवजी मीठ घातलं होतं. एकदा पोस्टासमोर गाडी उभी करून ती पायी घरी गेली होती आणि गाडी चोरीला गेली म्हणून पोलिसांना फोन केला होता. चर्चच्या किल्ल्या सांभाळणारी ग्लेंडा जमिनीकडे बघत हळूच म्हणाली, की पुढच्या वर्षापासून हे काम जरा तरुण हातांकडे द्यावं, व्हेल्डाला विश्रांती मिळेल. ग्लेंडा स्वतः सत्तरीची होती, पण ते कुणी काढलं नाही.

व्हेल्डाने डब्याचं झाकण लावलं. पुढच्या शनिवारपर्यंत तुकडे सापडले नाहीत, किंवा आपल्याच घरी सापडले, तर आपण कोड्याचं सगळं काम सोडून देऊ असं ती म्हणाली. आणि निघताना तिने आर्डिस ब्रॉयरची बाही धरली.

"तू शोध," ती पुटपुटली. "ते मीच हरवले असतील तर तसं तोंडावर सांग. पण मला कळायलाच हवं. माझं डोकं अजून माझं आहे की नाही, ते मला कळायला हवं."

२

आर्डिस निवृत्तीपर्यंत शेरीफच्या कचेरीत फोनवर बसत असे. जिल्ह्यातलं कोण कुणाच्या अंगावर धावून गेलं, कुणाची गाय रस्त्यावर आली, हे आधी तिच्या कानी पडायचं. म्हणून गावात तिला उगाचच गुप्तहेर समजत. गोधड्यांमधलं तिला काडीचंही कळत नव्हतं. घरात बसून भिंतींकडे बघण्यापेक्षा बरं म्हणून ती मंडळात आली होती, आणि तिच्या हातून शिवलेल्या प्रत्येक त्रिकोणाचं टोक शिलाईत जाऊन नाक कापलेलं असे.

तिने पहिल्यांदा किल्लीची चौकशी केली आणि ती लगेच सोडून दिली. डबा तळघरातल्या कपाटात असे, आणि कपाटाची किल्ली कॉफीच्या पिंपामागे खिळ्याला टांगलेली असते हे गावातल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं. कोण घेऊ शकलं असतं ह्या प्रश्नाला अर्थ नव्हता. कुणाला घ्यावंसं वाटलं हा खरा प्रश्न. कपाटात नवं कोरं शिवणयंत्र होतं, उंची कापडांचे तागे होते, त्यांना हातही लावलेला नव्हता. लाल चौकोनही जागच्या जागी. चोराला फक्त तपकिरी कोपरे हवे होते. ते घेऊन कोण काय करणार, हे काही आर्डिसच्या टाळक्यात शिरेना.

मंडळात भांडण होतं, पण ते भलतंच. तळघराच्या भिंतीवर यंदाच्या पैजेचे चौकोन टांगले होते. दुकानात वर्षानुवर्षं पडून राहिलेलं, कोंबड्यांचं चित्र असलेलं एक भयाण पिवळं कापड प्रत्येकीला थोडं थोडं दिलं होतं आणि ते वापरून आपल्या आजीच्या हातचा चौकोन करून आणायचा अशी पैज होती. त्यात मॅक्सीन कोलारचा आणि कोरीनचा चौकोन अगदी एकसारखा निघाला, आणि मॅक्सीनने कोरीनला तोंडावर चोर म्हटलं होतं.

"चोरी कसली," कोरीन आता पुन्हा हसून सांगत होती. "मॅक्सीनच्या आजीकडे त्याला ताकाची रवी म्हणतात. माझी आजी केंटकीच्या डोंगरातली. ती त्यालाच कोठाराच्या दाराचं भोक म्हणायची. तिच्याकडे सगळ्यालाच वेगळं नाव. शुक्रवारी गोधडी सुरू केली तर ती कधी पुरी होत नाही, असंही म्हणायची. अडाणीपणाचं आगर होतं नुसतं."

कोरीन गावच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवायची. तिच्यासमोर कुणी वर्तमानपत्रातलं राशिभविष्य मोठ्याने वाचलं, तर ती आधी हसे आणि मग त्या माणसाची शिकवणी घेई. क्लेटन आठ-नऊ वर्षं तेलाच्या विहिरींवर आणि अलास्कातल्या मच्छीमार बोटींवर काढून गेल्या वर्षी परतला, तेव्हा शेजारणीने प्रार्थनेचं फळ म्हणताच कोरीनने तिला विमानाच्या तिकिटाचं फळ म्हणून सुनावलं होतं. पण त्या दिवसापासून ती रस्त्याने चालताना गुणगुणत असे, हे आर्डिसने पाहिलं होतं.

आर्डिसची गाडी दुरुस्तीला होती, म्हणून कोरीनने तिला घरी सोडलं. आर्डिसची इस्त्रीची फळी खिडकीतून बाहेर काढावी लागली आणि तिचं लोखंडी शिवणयंत्र तिच्याच मांडीवर आलं, कारण डिकीचं कुलूप अडकलंय असं कोरीन म्हणाली. वाटेत आर्डिसने विचारलं, की दर सप्टेंबरला कॉफी पिताना सगळ्या जणी नक्षीचा अंदाज करतात, त्यात कोरीनचा अंदाज कधी चुकत नाही. मग यंदा तिचा अंदाज काय होता?

"मला यंदा काही सुचलंच नाही," कोरीन म्हणाली, आणि तिने गाडीचा रेडिओ मोठा केला. आर्डिसच्या मांड्या बधिर झाल्या होत्या, त्यामुळे तिनेही पुढे काही विचारलं नाही.

३

मंगळवारी आर्डिस मॅक्सीनकडे गेली. मॅक्सीनवर संशय घेणं सोपं होतं. तिची जीभ म्हणजे दुधारी सुरी, आणि व्हेल्डाची गादी आपल्याला मिळावी असं तिला किती वर्षांपासून वाटत होतं ते सगळ्यांना माहीत होतं. मॅक्सीनने दार अर्धवटच उघडलं आणि आपण कामात आहोत असं सांगितलं. पण आर्डिसने आपल्या उमेदीत खूप बंद दारांमागचे आवाज ऐकले होते. तिने पाणी मागितलं. मॅक्सीन नाइलाजाने स्वयंपाकघरात गेली, तशी आर्डिस सरळ तिच्या शिवणाच्या खोलीत शिरली.

यंत्राशेजारी तपकिरी कोपऱ्यांची चळत होती.

पाण्याचा पेला घेऊन मॅक्सीन दारात उभी राहिली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

"मोज," ती म्हणाली. "अजून निम्मेही झालेले नाहीत. पाठ मोडली माझी."

कापड नवं होतं. शिलाईही नवी होती. मग मॅक्सीनने चिडचिड करत सगळं सांगितलं. म्हातारी विसरायला लागली आहे, आज ना उद्या आपणही विसरणार, त्यात काय एवढं. पण सगळ्यांसमोर तिची फजिती व्हायला नको. म्हणून ती गुपचूप नवे कोपरे शिवत होती. शनिवारी ते कपाटाच्या मागे सापडले असं आर्डिसने सांगावं, म्हणजे झालं.

"आणि मी केलंय हे तिला सांगितलंस तर बघ," मॅक्सीन म्हणाली. "मला तिची दया येते असं तिला वाटलेलं मला चालणार नाही."

आर्डिसला एकाच वेळी मॅक्सीनला मिठी मारावीशी वाटली आणि वैतागही आला. व्हेल्डा दुसऱ्याची शिलाई न ओळखेल अशी आशा करणं म्हणजे मांजराला दुधाच्या राखणीला बसवण्यासारखं होतं. आणि पहिली संशयित तर हातची गेली होती. उलट आता मॅक्सीनसुद्धा धरून चालली होती, की व्हेल्डाच कोपरे हरवून बसली आहे.

त्या संध्याकाळी फोनवर आर्डिसने कोरीनला सहज सांगितलं, की कुणीतरी नवे कोपरे शिवतंय.

"पुन्हा?" कोरीन म्हणाली, आणि चुलीवर काहीतरी करपतंय म्हणून तिने फोन ठेवला. आर्डिस रिसीव्हर हातात धरून बसली. माणसाच्या आवाजात भीती कशी येते ते तिला नोकरीने शिकवलं होतं. पण कापडाच्या तुकड्यांना कोण घाबरतं?

४

दुसऱ्या दिवशी ती व्हेल्डाकडे गेली आणि म्हणाली, की तुम्ही नक्षी सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. व्हेल्डा आढेवेढे घेऊ लागली. कोडं म्हणजे कोडं, आपण नवऱ्यालाही कधी सांगितलेलं नाही. घरात दोघींशिवाय चिटपाखरू नव्हतं, तरी शेवटी तिने आर्डिसच्या कानाशी तोंड नेलं.

"टर्कीची पावलं."

मग तिने दाखवलं. मध्ये लाल चौकोन, त्याच्या चारी बाजूंना फिक्या पट्ट्या, आणि चार कोपऱ्यांत चार पावलं, प्रत्येकाला तीन बोटं, बाहेरच्या दिशेला रोखलेली. चिखलात टर्की पक्षी चालून गेल्यावर उमटतात तशी. तपकिरी कोपरे म्हणजेच ती पावलं. ते गेले म्हणजे नुसत्या लाल चौकोनांची चादर उरत होती. आर्डिसने आकार विसरू नये म्हणून बॉलपेनने तळहातावर काढून घेतला. निघताना व्हेल्डाने दारातून परत हाक मारून तिला कॉफी दिली का ते विचारलं. दिली होती, दोनदा.

टर्कीचा राग कुणाला असणार? घरी जाताना आर्डिसला आठवलं आणि ती जागीच थांबली. ग्लेंडाला. ग्लेंडाच्या बापाने टर्क्या पाळल्या होत्या. एका हिवाळ्यात रोग आला, सगळ्या मेल्या, आणि जमीनही गेली. थँक्सगिव्हिंगच्या सणाला घरोघरी टर्की शिजते, तेव्हाही ग्लेंडा डुकराचं मांस करते. शिवाय चर्चच्या किल्ल्या तिच्याकडे, आणि व्हेल्डाने काम सोडावं हे पहिल्यांदा बोलली तीच.

आर्डिस तशीच ग्लेंडाकडे गेली आणि तिने तळहात पुढे केला. हे काय आहे, ओळख बघू. ग्लेंडाने चष्मा वर केला, खाली केला, हात उलटा करून पाहिला.

"काटा?" ती म्हणाली. "का पेरणीचं यंत्र?"

टर्कीच्या अंगणात वाढलेल्या बाईला टर्कीचं पाऊल ओळखू आलं नव्हतं. सप्टेंबरात ग्लेंडाचा अंदाज तारा असा होता, आणि तो तिने मनापासूनच केला होता. नक्षी ओळखल्याशिवाय कुणी ती बिघडवू शकत नाही. आर्डिसने मनातल्या मनात तिची माफी मागितली, एक कोलाची खाल्ली आणि ती बाहेर पडली. डोक्याचा पार भुगा झाला होता. व्हेल्डानेच कोपरे कुठल्यातरी खणात ठेवले असावेत असं आता तिला स्वतःलाही वाटू लागलं होतं, आणि शनिवारी ते तिच्या तोंडावर कसं सांगायचं ते तिला सुचेना.

५

आर्डिसची इस्त्रीची फळी शनिवारी कोरीनकडेच राहिली होती. ती आणायला आर्डिस गुरुवारी गेली, तेव्हा कोरीन घरी नव्हती. क्लेटन वादळवारा अडवणारं बाहेरचं जादा दार नव्या बिजागऱ्यांवर चढवत होता. आर्डिसने दार धरलं, त्याने पेच पिळले.

"मिसेस ब्रॉयर, तुमच्या हातावर आमच्या पणजीची गोधडी कशी?" त्याने विचारलं.

आर्डिसने तळहाताकडे पाहिलं. शाई पुसट झाली होती, पण तीन बोटं दिसत होती. ती म्हणाली, ही टर्कीची पावलं आहेत.

"असतील. पणजी त्याला भटकं पाऊल म्हणायची." क्लेटन हसला. "आई मला तिच्याखाली झोपू द्यायची नाही. पाहुण्यांना चालायचं, मला नाही. एकदा लहानपणी पणजीकडे तापाने पडलो होतो, तेव्हा पणजीच्या बहिणीने चुकून तीच अंगावर घातली. आई ते ऐकून रात्रीतून गाडी हाकत आली आणि मला तापातच उचलून घेऊन गेली."

"का बरं?"

"त्या नक्षीखाली मुलगा झोपला की त्याच्या पायाला भिंगरी लागते म्हणे. तो घरात टिकत नाही." त्याने पेचकस खिशात ठेवला. "डेलमामा लहानपणी तिच्याखालीच झोपायचा. आईचा धाकटा भाऊ. मिसरूड फुटलं आणि जो गेला तो गेला. एक पत्र नाही, फोन नाही. आई कधी बोलत नाही त्याच्याबद्दल. आणि गंमत बघा, मी तर अर्धी रात्रच झोपलो तिच्याखाली, तरी अलास्काला पोचलोच की."

तो हसत होता, पण आर्डिसला हसू येईना. त्याने दार दोनदा उघडून मिटून पाहिलं आणि मग जरा आवाज उतरवून आणखी एक गोष्ट सांगितली. शेल्बीला, त्याच्या होणाऱ्या बायकोला, डेन्व्हरच्या एका इस्पितळातून बोलावणं आलं होतं. ती जायचं म्हणत होती. त्यालाही जावंसं वाटत होतं. आईला सांगायचा धीर होत नव्हता, आणि मिसेस ब्रॉयरनीही सांगू नये.

आर्डिसने वचन दिलं. इस्त्रीची फळी मात्र ती तिथेच विसरून आली.

६

शनिवारी तळघरात सगळ्या जणी होत्या, पण कॉफीला कुणी हात लावत नव्हतं. व्हेल्डाने घरातला एकूण एक खण उपसला होता. काही सापडलं नव्हतं, आणि त्याने तिचं समाधान झालं नव्हतं. आपण कुठे ठेवले तेच आठवत नसेल तर सापडणार तरी कसे, असं ती म्हणाली. तिने पिशवीतून वर्षानुवर्षांच्या नक्षीच्या कागदांचं बाड काढून ग्लेंडासमोर सरकवलं.

"मी पुष्कळ वर्षं केलं," ती म्हणाली. "आता माझ्या डोक्यावर मी विसंबत नाही. तुम्हीही विसंबू नका."

कोरीन खिडकीपाशी पाठ करून उभी होती. आर्डिसला आपण काय बोलणार आहोत ह्याची शरम वाटत होती, पण गप्प राहिलो तर जास्त वाटेल हे तिला कळत होतं.

"थांबा," ती म्हणाली. "तुम्ही कोपरे हरवले नाहीत, व्हेल्डा. तुम्ही इस्त्री केलीत आणि परत आणून ठेवलेत."

मग तिने तिला जमेल तसं सांगितलं, अडखळत. चोराला कापड नको होतं, तर नक्षी पुरी व्हायला नको होती. म्हणजे नक्षी त्याने आधीच ओळखली होती. दरवर्षी ती ओळखणारी एकच, आणि यंदा तिलाच काही सुचलं नव्हतं. पण टर्कीच्या पावलांना कोण घाबरेल, इथे ती अडली होती. भिंतीवर उत्तर टांगलेलं असून तिला दिसलं नव्हतं. रवी आणि दाराचं भोक, वस्तू एकच, नावं दोन. पावलांचंही तसंच. इथल्या आज्या त्यांना टर्कीची म्हणतात. केंटकीच्या डोंगरातली एखादी आजी भटकी म्हणत असेल, आणि मुलाला त्यांच्याखाली झोपू देत नसेल.

"आणि शिवलेला तुकडा आपल्यापैकी कुणीच फेकून देत नाही," आर्डिस म्हणाली. "मीसुद्धा नाही, माझे कसे असतात ते तुम्हाला माहीत आहे. पण हे तुकडे तिला घरातही नेववले नसतील. ज्या छपराखाली तिचा मुलगा झोपतो तिथे नाही. मग माणूस ते कुठे ठेवील? डिकीचं कुलूप अडकलंय म्हणून मी शिवणयंत्र मांडीवर घेऊन घरी गेले, आणि मला तेव्हाही कळलं नाही."

कोरीनने नाव घेईपर्यंत वाट पाहिली नाही. तिने पर्समधून किल्ल्या काढल्या आणि ती जिना चढून गेली. वरून डिकी उघडल्याचा आणि आपटल्याचा आवाज आला. ती परतली तेव्हा तिच्या हातात पांढऱ्या उशीच्या अभ्र्यात बांधलेलं गाठोडं होतं. ते तिने व्हेल्डासमोर ठेवलं.

व्हेल्डाने गाठ सोडली. सगळे कोपरे नीट इस्त्री केलेले, एकावर एक. ती बराच वेळ त्यांवरून हात फिरवत राहिली. मग तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ती हसलीही, आणि दोन्ही थांबल्यावर तिने मान वर केली.

"मी रात्री उठून खण तपासायची," ती म्हणाली. "स्वतःशी बोलायला लागले होते मी. तू इथे उभी राहून बघत होतीस."

"हो," कोरीन म्हणाली.

"सांगायचंस ना मला. दुसरी नक्षी केली असती."

"काय सांगणार होते? जन्मभर पोरांना शिकवलं, की असं काही नसतं. नसतंच. मला माहीत आहे ते." तिने किल्ल्या पुन्हा पर्समध्ये टाकल्या. "पण डेल तसल्याच गोधडीखाली झोपायचा, व्हेल्डा. आणि तुम्ही कोपरे हातात दिलेत तेव्हा मला पाऊल दिसलं, आणि मग दुसरं काही दिसेनाच. मला क्षमा नका करू. पण कागद ग्लेंडाला देऊ नका."

मॅक्सीन नाक शिंकरत होती आणि सर्दी झालीय म्हणत होती.

व्हेल्डा उठली. तिने फिक्या पट्ट्या मांडल्या, मध्ये लाल चौकोन ठेवला. माझ्याही आजीला जुनं नाव माहीत असणार, ती म्हणाली. म्हणूनच बायकांनी ते बदललं. टर्की म्हटलं की पोरगं सुखाने झोपतं, आणि आईही. मग तिने एकेक कोपरा ठेवायला घेतला, आणि प्रत्येक ठेवताना तो अर्धा फिरवला. बाहेर रोखलेली बोटं आत वळली. चारी पावलं मधल्या लाल चौकोनाकडे निघाली होती.

"तुकडे तेच," ती म्हणाली. "कोडं मी घातलंय, उत्तरही मीच ठरवणार." आणि कागदांचं बाड तिने ग्लेंडासमोरून उचलून आपल्या पिशवीत घातलं.

सगळ्या जणी टेबलावर वाकल्या. ग्लेंडाने चष्मा वर केला, खाली केला.

"आता कळलं," ती म्हणाली. "कोंबड्या खुराड्यात चालल्यात."

कोरीन त्या आठवड्यात पहिल्यांदाच मोकळेपणी हसली. मग तिने खुर्ची ओढली आणि शेवटची ओळ आपण शिवणार असं सांगितलं.

७

लग्नाच्या जेवणानंतर गोधडी दोन खुर्च्यांवर पसरून ठेवली होती. शेल्बी तिच्यावरून बोटं फिरवत होती, क्लेटन कुणाशी तरी हस्तांदोलन करत होता. आर्डिस आपली कापलेली नाकं कुठे लागली आहेत ते बघत शेवटच्या ओळीपर्यंत आली आणि थबकली. अगदी कडेचा एक कोपरा उलटा लागला होता. बाकी सगळी पावलं आत येत होती, आणि हे एकटंच बाहेर निघालं होतं.

तिला आधी वाटलं, ही आपलीच चूक. मग आठवलं, की शेवटची ओळ आपल्याकडे नव्हतीच. तिने मान वर केली. कोरीन शेजारी येऊन उभी होती.

"ते तसंच राहू दे," कोरीन म्हणाली. "मी दोनदा उसवून दोनदा शिवलंय."

आर्डिस खाली वाकून टाके बघू लागली.

"डेन्व्हरचं मला कळलंय. शेल्बीच्या आईकडून. तू तोंड मिटून बसली होतीस ते दिसतच होतं तुझ्या चेहऱ्यावर." तिने पलीकडे मुलाकडे पाहिलं. तो हसत होता, आणि टायची गाठ सैल करत होता. "सगळीच आत वळवली असती ना, तर ते घर नसतं झालं. ग्लेंडा म्हणाली तसं खुराडं झालं असतं."

तिने त्या एका पावलावरची सुरकुती तळहाताने नीट केली. मग ती मुलाला हे सांगायला गेली, की तिला सगळं माहीत आहे आणि त्याने आता घाबरायचं सोडून द्यावं.